बंद कारखान्यातला माग

आमची कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्याच वर्षी इचलकरंजीतले माग बंद पडले. भादवा सरत आला होता, कमलला सातवा लागला होता. जावयानं तिला एस.टी.तून उतरवून गल्लीत आणलं. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच ती थबकली.

“आई, गल्लीत कोण वारलंय काय?”

“असं अभद्र बोलू नये. का गं?”

“मग एवढं गपगार कसं?”

आमची स्वयंपाकघराची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीपलीकडं माग चालत होते. भिंतीला टेकवलेल्या हंड्यातलं पाणी कायम शहारलेलं असायचं. फळीवरची ताटं एकमेकांना लागून बारीक वाजत राहायची. कमल त्याच आवाजात जन्मली, त्याच आवाजात झोपली. आता हंड्यातलं पाणी तेलासारखं निवांत होतं. त्यात तोंड बघितलं तर एकेक सुरकुती दिसायची, म्हणून मी बघायचं सोडलं होतं.

मंदी म्हणतात ती अशी आली. सुताचा भाव चढत गेला आणि कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही. शेठनं आधी एक पाळी बंद केली, मग दुसरी, मग दाराला कुलूप लावलं. वायरमन येऊन मीटरसुद्धा काढून घेऊन गेला. आमचे हे माग चालवायचे, ते रोज सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहायला लागले. कधी हमाली मिळायची, कधी नाही. माझं सुताच्या कांड्या भरायचं काम गेलं. गल्लीतली सगळी माणसं मोठ्यानं बोलणारी. मागाच्या आवाजावर आवाज काढायची सवय. माग थांबले तरी आवाज खाली येईना, आणि आपलाच आवाज ऐकून माणसं दचकायची.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, त्या कारखान्याचे जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. हात थकल्यावर काम सोडलं, तरी रोज आत जाऊन बसायचे. नुसत्या आवाजावरून सांगायचे, सात नंबरचा पट्टा ढिला झालाय, दोन नंबरला तेल पाहिजे. तिथं जाऊन बघावं तर तसंच असायचं. कुलूप लागल्यापासून ते कारखान्याच्या दाराजवळच्या कट्ट्यावर बसायला लागले. जोडीला शेजारच्या गजराकाकू, जन्मभर कांड्या भरलेल्या, आणि दस्तगीरचाचा. मागाच्या फणीतून ताण्याचा एकेक उभा धागा ओवून देण्यात चाचांचा जन्म गेला होता. तिघंही बंद दाराकडं तोंड करून बसायचे, जसं काही आतून कुणी हाक मारणार आहे.

कमल आली त्याच आठवड्यात मामा मला म्हणाले, “शेवंता, माझी गोळी आता आणाय सांगू नकोस. डॉक्टरनं बंद केली.”

“कधी गेलता डॉक्टरकडं?”

“काल गेलतो. म्हणला, जॉबर, तुमचं यंत्र आता बिनघोर चालतंय. गोळीचं काम न्हाई.”

मामांना ब्लड प्रेशरची गोळी होती, बरीच वर्षं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. गुलाबी पाकीट म्हणजे मामांची गोळी, एवढंच ओळखायची. डॉक्टरनं बंद केली म्हणाले, मला बरंच वाटलं. कमलसाठी डिंक, खारका आणायच्या होत्या.

दसरा आला. दरवर्षी त्या दिवशी मागांची पूजा व्हायची, प्रत्येक मागाला झेंडूची माळ. त्या वर्षी शेठ आलाच नाही. बायकांनी कुलपालाच हळदकुंकू लावलं.

त्यानंतर एका दुपारी गजराकाकू आमच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता त्यांचा हात थांबला. चेहरा उजळला.

“शेवंता, कारखाना सुरू झाला की गं.”

मी हातातलं काम टाकून भिंतीला कान लावला. कमलनंही लावला. भिंत थंडगार.

“काय येत न्हाई, काकू.”

“तुमचं कान तरणं हायत, पण फुटकं हायत. एकच माग चाललाय. लांबनं येतोय. खटक-खट, खटक-खट. शेठ गपचूप चालवून बघायलाय बघ.”

संध्याकाळी हे आल्यावर मी सांगितलं. हे तसेच उलट्या पावली कारखान्यापर्यंत जाऊन आले.

“कुलपावर कोळ्यानं घर केलंय,” हे म्हणाले. “आणि वीज कुठली? मीटरच न्हाई.”

“मग काकूंना काय ऐकाय आलं?”

“म्हातारपण ऐकाय आलं असंल.”

तरी गल्लीत बातमी पसरली आणि माणसं उगाच खूश झाली. काकू रोज सांगायच्या, आज जोरात हाय, आज सकाळपासून थांबलाच न्हाई. मग एक दिवस नळावर त्यांच्या हातातली घागर सुटली. त्या घागरीकडं बघत राहिल्या. तोंड एका बाजूला गेलं होतं. काहीतरी सांगत होत्या, पण शब्द नुसते घरंगळत होते. दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

त्यांचं दहावं झालं तेव्हा दस्तगीरचाचा कट्ट्यावर मामांना सांगताना मी ऐकलं.

“जॉबर, गजरा खोटं बोलत नव्हती. माग चाललाय. मी सिजद्यात डोकं टेकलं की लई साफ ऐकाय येतोय. जणू जमिनीखालीच चाललाय.”

मामा कारखान्याच्या दाराकडं बघत राहिले.

दिवाळी झाली आणि चाचा मशिदीच्या पायरीवर पडले. जीव राहिला, पण उजवी बाजू गेली. ज्या बोटांनी केसासारखा ताणा फणीत ओवायचे, ती बोटं छातीवर मुडपून पडली. मी बघायला गेले तर त्यांचे डोळे सारखे भिंतीकडं जात होते, आमच्या गल्लीच्या बाजूला. त्यांची सून म्हणाली, “रात्रंदिवस असंच बघतात. काय दिसतं, अल्लाला ठाऊक.”

मग गल्लीची हवा पालटली. ज्याला माग ऐकू येतो त्याला माग बोलावतो, असं बायका बोलायला लागल्या. ज्यांनी माग सुरू व्हावा म्हणून चौंडेश्वरीला नवस बोलला होता, त्याच बायकांनी कारखान्याच्या दारात नारळ फोडला, लिंबं कापून टाकली. पोरांना त्या बाजूनं जायची बंदी झाली. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या लेकी-सुना विचारायच्या, “काय ऐकाय येत न्हाई न्हवं?” म्हातारी माणसं म्हणायची, न्हाई. पण तसं म्हणताना ती दुसरीकडं बघायची.

मी मामांना विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

एका सकाळी मामा न्याहारीला बसले होते. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. मान जराशी तिरकी. अशी मान ते कारखान्यात करायचे.

“चार नंबर,” ते म्हणाले.

कमल म्हणाली, “काय, आबा?”

“चार नंबर चालू हाय. आठवडा झाला ऐकतोय. पण लंगडतोय.”

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठले.

“मामा, खावा बघू आधी.”

“खातोय की. तुझं काय चाललंय मधीच? मी काय मेलोय?” ते हसले. “खटक-खट, खटक-खट, मग एक ठोका खातोय. मग दोन एकदम. सूत घेऊन पळणारा धोटा वेळेवर पोचत न्हाई. असा माग चालू ठेवला तर धोटा मधीच अडकतोय आणि सगळा ताणा तुटतोय. किल्ली आणाय सांग त्याला.”

“कुणाला?”

“माझ्या लेकाला. कारखान्याची किल्ली.”

त्या दिवसापासून मी मामांकडं नीट बघायला लागले. पाय सुजले होते. दोन पायऱ्या चढले की भिंत धरायचे. मान खाली घालून चपला घालताना थांबायचे आणि म्हणायचे, “आता बघ, आता जोरात आला.” उशीला कान लावून निजत नव्हते. उताणे पडायचे आणि बोटांनी छातीवर ठेका धरायचे. तो ठेकाही लंगडत होता.

मी ह्यांना म्हणाले, “मोठ्या दवाखान्यात दाखवू या.”

“आप्पा येतील तर न्हवं. म्हणत्यात, मला काय झालंय, बिघडलाय तो माग.” हे वडलांना आप्पा म्हणायचे. मग ह्यांनी आवाज खाली आणला. “आई म्हणायची, काही गोष्टी डॉक्टरच्या न्हवत्या. तिकडं शिरोळकडं एक देवऋषी हाय म्हणं.”

“देवऋषी गजराकाकूंसाठीपण आणला असता लोकांनी. वेळ कुठं मिळाला?”

“मग काय करायचं म्हणतीस?”

“किल्ली आणा.”

माझा हिशेब साधा होता. शेठनं माग भंगारात काढले होते, दोन-चार दिवसांत ट्रक येणार अशी बोलवा होती. मामांच्या डोळ्यांदेखत माग फोडून नेले असते तर मामा तिथंच कोसळले असते. त्याआधी त्यांच्या मनासारखं एकदा आत जाऊन यावं, चार नंबर गार पडलेला त्यांच्या हातानं चाचपावा, म्हणजे मनातून जाईल. आणि नेण्याआधी मी मामांकडनं वचन घेतलं: आत नेते, पण बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं.

“येतो की,” मामा म्हणाले. “माग नीट झाल्यावर कुठं बी येतो.”

शेठच्या दिवाणजीकडून किल्ली मिळाली. भर दुपारी गेलो. कुलूप ह्यांनी काढलं. दार उघडलं, पण हे उंबऱ्याशीच थांबले.

“मी इथं हाय. तुम्ही जावा.”

आत सुताचा वास होता, तेलाचा आणि उंदरांचा. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या आल्या होत्या आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. इतके महिने बंद जागा, वारा नाही, तरी ते तंतू खाली बसत नव्हते. माग दोन्ही बाजूंना ओळीनं उभे होते. अर्धवट विणलेलं कापड तसंच मागांवर होतं, जणू माणसं जेवायला गेलीत. मी कान देऊन उभी राहिले. काही नाही. माझ्या पैंजणांचा आवाजसुद्धा मला परका वाटला.

मामा सरळ चार नंबरकडं गेले. अंधारातही चुकले नाहीत. पान्यानं दोन-तीन नट पिळले, कुपीतलं तेल घातलं, धोट्याला फटका देणारा दांडा हलवून बघितला. मग मागाच्या लोखंडावर हात ठेवून उभे राहिले.

“ये,” मला म्हणाले. “तुला ऐकाय येत न्हाई न्हवं? मग हात ठेव.”

“मामा, बंद हाय हो तो.”

“ठेव तर.”

मी हात ठेवला. लोखंड गार होतं. मामांनी त्यांचा हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबला.

“गप उभी ऱ्हा. श्वास धर.”

मी श्वास धरला. आणि मला कळलं. ऐकू आलं नाही, कळलं. तळहाताखाली ठोके पडत होते. खटक-खट. खटक-खट. मग एक गाळला. मग दोन एकदम. डोळ्यांपुढं पट्टा लोंबत होता, तुटका. चाक जाग्यावर होतं. कापडावर धूळ होती. आणि हाताखाली माग चालत होता, लंगडत.

“आला न्हवं?” मामांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. “आता म्हण, म्हाताऱ्याला भास होतोय.”

मी हात ओढून घ्यायला गेले, पण त्यांनी सोडला नाही. मग त्यांचीच पकड आपोआप ढिली झाली. ते चार नंबरच्या बाकड्यावर बसले.

“न्हाई जमत. कुठं बिघडलंय ते सापडत न्हाई. सगळं बघितलं.”

त्यांच्या नाकातून रक्त आलं. थेंब विणलेल्या कापडावर पडला, मग धार लागली. मी ह्यांना हाक मारली. त्या वेळी मात्र हे धावत आत आले.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं कमलपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी मामांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला.

“आजोबा, गोळी कधीपासून बंद आहे?”

“डॉक्टरनंच बंद केली.”

“कोणत्या डॉक्टरनं?”

मामा छताकडं बघायला लागले.

“नाव सांगा. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

बाईंनी मामांची नाडी धरली. बराच वेळ धरून बसल्या.

“कानात धडधड ऐकू येते?”

मी म्हणाले, “माग ऐकाय येतो त्यांना. कारखाना बंद हाय, तरी.”

“वाकल्यावर जास्त? पडल्यावर जास्त?”

“व्हय,” मामा म्हणाले. “तुम्हाला कसं कळलं?”

“तो माग नाही, आजोबा. ते तुमचं रक्त आहे. प्रेशर इतकं चढलंय की कानात ठोके वाजतायत. आणि ठोके नीट पडत नाहीयेत. मधेच चुकतायत.”

मी माझा तळहात पदरात पुसला. मागावर माझ्या हाताच्या वर मामांचा हात होता. माझ्या हातात जे चालत होतं, ते काय होतं, ते मला तिथं दवाखान्यातल्या स्टुलावर बसून कळलं.

तीन दिवस ठेवून घेतलं त्यांना. घरी येताना रिक्षात मामांनी माझ्याकडं न बघता सांगितलं.

“कट्ट्यावर बसून ठरवलं आम्ही तिघांनी. दस्तगीरच्या घरात तीन पोरं शाळंत. गजराचा लेक घरात बसून. आपली कमल दिवसांत. आमचं काय, आम्ही जुनं झालेलं. गोळी न्हाई खाल्ली तर काय दुखत बी न्हाई. म्हणलं, माग सुरू झालं की गोळी सुरू करायची.”

“आणि डॉक्टरनं बंद केली हे कुणाच्या डोक्यातलं?”

“गजराच्या. लई हुशार बाई.”

मी गजराकाकूंच्या सुनेला गाठून विचारलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी बाजूला ठेवली.

“आत्याबाई मला हेच म्हणाल्या हुत्या,” ती म्हणाली. “डॉक्टरनं बंद केली. मी म्हणलं, बरं झालं, एक कटकट मिटली.” मग ती फुंकणी उचलून नुसतीच हातात धरून बसली.

मामांची गोळी सुरू झाली. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून तपासून आणलं. निम्म्यांची गोळी बंद होती. काहींना माग ऐकू येत होता आणि त्यांनी भीतीपोटी सांगितलं नव्हतं. लोकांनी कारखान्याच्या दारातली लिंबं झाडून काढली.

मामांचे पाय उतरले. भिंत न धरता चालायला लागले. आणि माग बंद पडला.

आधी ते म्हणाले, “लांब गेलाय.” मग म्हणाले, “अधनंमधनं येतोय.” मग एका सकाळी उठून बसले आणि कितीतरी वेळ मान तिरकी करून थांबले.

“गेला,” म्हणाले.

त्याच सुमाराला ट्रक आला. माग घणानं फोडून, वजन करून भरले. मामा बघायला गेले नाहीत. भिंतीपलीकडं घण पडत होते तेव्हा आमची ताटं माग थांबल्यापासून पहिल्यांदा फळीवर वाजली. मामा त्या ताटांकडं बघत होते. पुढं पत्रेसुद्धा काढून नेले. उरल्या त्या नुसत्या चार भिंती, वर आभाळ.

मग मामा बोलायचे कमी झाले. कट्ट्यावर जायचं सोडलं. जेवण दिलं तर जेवायचे, गोळी दिली तर घ्यायचे. रोज मी माझ्या हातानं द्यायची, पाणी द्यायची, घोट घेतलेला बघायची. कमल त्यांच्याजवळ बसून म्हणायची, “आबा, नाव शोधा की बाळाला.” ते म्हणायचे, “शोधतो.” घरात इतकी शांतता असायची की पाल चुकचुकली तरी सगळे वर बघायचे.

मार्गशीर्ष लागला. एका सकाळी मी मागच्या दारातून आले तर मामा अंथरुणात बसून चहा पीत होते. गाल लाल झालेले, डोळ्यांत पाणी चमकत होतं. बोटं पांघरलेल्या वाकळीवर ठेका धरत होती.

“शेवंता, चालू झाला.”

मी भिंतीकडं बघितलं. पलीकडं नुसतं आभाळ होतं.

“लंगडतोय का, मामा?”

“न्हाई. झकास चाललाय. पळतोय नुसता.”

मी जवळ बसून त्यांचा हात धरला. हाताला ते लागलं. पळत होतं.

“मामा, गोळी गिळत न्हाई तुम्ही?”

ते माझ्याकडं बघून हसले, समजूत घालावी तसे.

“गोळी घेतली की कारखाना बंद पडतोय, पोरी. बंद कारखान्यात बसून मी काय करू?”

मी ओरडून ह्यांना रिक्षा आणायला पाठवलं. मामांचा हात सोडला नाही. ते मान तिरकी करून ऐकत होते. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा माझ्या हातातलं एकदम थांबलं. त्यांची मान तशीच तिरकी राहिली.

वाकळ उचलली तेव्हा तिच्या शिवणीतून गोळ्या जमिनीवर घरंगळल्या, ओल्या होऊन सुकलेल्या.

माझे सासरे ईश्वरा जॉबर हे मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी वारले. गजराकाकू त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर वारल्या होत्या. दस्तगीरचाचा पुढच्या रमजानमध्ये, रोजा सुटायच्या वेळेला वारले.